दोराबाईची वाकळ

दोराबाई माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघतच नसे. आधी पदर, मग काठ, आणि ते पसंत पडलं तर शेवटी तोंड. समोर बाप्या असला तर फेट्यापासून सुरुवात. नुसतं बघूनही तिचं भागायचं नाही, दोन बोटांत कापड धरून चोळून बघायची. एस.टी.च्या कंडक्टरची खाकी बाही तिनं अशी चाचपली की तो बिचारा तिकीट फाडायचं विसरला. एकदा सरपंच आमच्या ओट्यावर चहाला बसले होते, तर ही त्यांच्या धोतराचा सोगा उचलून उजेडाला धरून बसली. सरपंच जागचे हलेनात. हलले असते तर धोतर तिच्या हातात राहिलं असतं.

ही बाई विलायतेची. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या पारनेर भागातल्या विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा जमिनीला भोकं पाडून पाणी काढायचं एक यंत्र आलं आणि त्या यंत्राबरोबर हिचा नवरा आला. दोघं आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिली. तिचं खरं नाव डोरा. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, जिभेवर ते 'दोरा' झालं. नवऱ्याचं नाव तर सहा अक्षरी होतं, ते कोण घेणार? आत्याबाईंनी तोही निकाल लावून टाकला. "बायकू दोरा, आन् नवरा दिसभर भुईला भोकं पाडतोय. म्हंजी त्यो सुई." तेव्हापासून तो गोरा, सहा फुटी, गंभीर माणूस अख्ख्या गावाचा सुईसाहेब झाला. त्याला वाटायचं, सुई म्हणजे मराठीत इंजिनियर.

घरात मीच एकटी मॅट्रिक झालेली सून, त्यामुळे दुभाषीपण माझ्या गळ्यात आलं. पण मी तिला मराठी शिकवायच्या आधीच ती यंत्रावरच्या गड्यांकडून शिकून मोकळी झाली होती. त्यामुळे ती बोलायची ते पुरुषासारखं. मी येतो, मी खातो, मी झोपलो होतो. यंत्राला खडक लागला की गडी 'च्यायला' म्हणायचे आणि आमच्याकडे खडकाशिवाय काही लागतच नव्हतं, तेव्हा हा शब्द तिनं इतक्यांदा ऐकला की तिला तो नमस्काराचाच प्रकार वाटला. देवळातल्या गुरवाला हात जोडून म्हणायची, "च्यायला, बरं हाय का?" गुरवही मान डोलवून म्हणायचे, बरं आहे. मी तिला खूप शिकवायचा प्रयत्न केला, शिकवू शकले ती एकच गोष्ट. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. ते तिला फार आवडलं. मग ती न्हाणीत जातानासुद्धा आम्हाला सांगायची, "येतो."

खाण्याच्या बाबतीत ती बया कुणाला हार जाणारी नव्हती. त्या वर्षी रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी म्हणजे तोंडात फिरणारी माती. आम्ही नाकं मुरडत गिळायचो, आणि ही भाकरी हातात धरून एकटक बघत राहायची. मला वाटलं, हिला रडू येतंय. तर नाही, हिला रंग आवडला होता. असा विटकरी रंग तिच्या देशात कापडाला शोधून सापडत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी तिनं पांढरं कापड मिलोच्या पाण्यात उकळायला घातलं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या की, मानसाला खायला मिळंना आन् ही फडक्याला जेवाया घालतीय.

एकदा आत्याबाईंनी शिपी आमटी केली. आमच्या नगरकडची ही काळ्या मसाल्याची आमटी, पहिल्या घोटाला कानशिलं तापतात. शिपी म्हणजे शिंप्याची, असा अर्थ मी सांगितला आणि फसले. तिनं वाटी खालीवर करून, डाळ ढवळून पाहिली आणि विचारलं, यात कापड कुठं आहे? मग प्यायली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, उचकी सुरू, आणि तशा उचक्यांतच वाटी पुढं. आणखी वाढा म्हणे. ज्या देशात डाळीलासुद्धा शिंपी लागतो तो आपलाच देश, असं तिनं नवऱ्याला इंग्रजीत सांगितलेलं मी ऐकलं. नवऱ्याच्या तोंडात अजून पहिलाच घोट होता.

काष्टीच्या बाजाराला आम्ही बैल बघायला गेलो, तर ही बैल सोडून त्याच्या पाठीवरच्या झुलीचा भाव करत बसली. मालक म्हणाला, बैल घ्या, झूल फुकट देतो. ही म्हणाली, झूल घेतो, बैल फुकट ठेव. शेवटी झूल आली. तिचे लाल-निळे तुकडे, मिलोचं विटकरी कापड, हळदीत बुडवलेलं पिठल्याच्या रंगाचं, डाळिंबाच्या सालीत उकळलेलं एक, असं सगळं तिनं खोलीभर पसरून ठेवलं होतं. मधोमध मिलोच्या भाकरीसारखा एक गोल, भोवती आमटीचा काळा, ठेच्याचा हिरवा. आत्याबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर झोपायचं का जेवायचं?"

गोधडीवरून त्या दोघींची रोज जुंपायची. आत्याबाईंची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकायचे आणि ज्वारीच्या दाण्याएवढे टाके घालत सुटायचं. दोराबाईचा टाका मुंगीला दिसणार नाही असा. आणि धड कापडाचे आधी तुकडे करायचे आणि मग तेच तुकडे परत जोडत बसायचं, हे तर आत्याबाईंच्या डोक्यातच शिरत नव्हतं. फाटलं म्हणून जोडतात हे ठाऊक होतं, जोडायचं म्हणून फाडतात हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. तरी रोज दुपारी पाट घेऊन तिच्याच शेजारी बसायच्या. का बसता विचारलं तर म्हणायच्या, चुकतीय कुठं ते बघाया.

उन्हाळ्याच्या तोंडाला सुईसाहेबाला निरोप आला की यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचंय. दोराबाईची घाई सुरू झाली. गोल झाला होता, भोवतालची किनार राहिली होती, आणि ती किनार तिला गावातल्या प्रत्येक बाईच्या लुगड्याच्या तुकड्यानं करायची होती. का, ते तिनं मला सांगितलं नव्हतं. एके सकाळी हातात ही मोठी कात्री घेऊन ती बाहेर पडली आणि दारोदार जाऊन हसत हसत म्हणायला लागली, "पदर दे. थोडा कापतो."

आता काय सांगू? आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं, की करणी करायची झाली तर बाईच्या नेसत्या लुगड्याचा पदर कातरून नेतात. आणि इथं एक गोरी बाई भर सकाळी कात्री घेऊन तेच मागत फिरतेय. बायकांनी पदर कमरेला खोचले आणि दारं लावून घेतली. एकट्या सरपंचीणबाईंनी भिडेखातर बोटभर तुकडा दिला, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी त्यांची म्हैस आटली. अहो, म्हशीला महिनाभर धड वैरण नव्हती, दूध काय पदरातून येणार होतं? पण हे ऐकतं कोण? त्यातच सुईसाहेबाचं नवं भोकही कोरडं गेलं. झालं. दुपारी गावातल्या झाडून साऱ्या बायका आमच्या दारात. सरपंचीणबाई पुढं. मागणी एकच, हिला आजच्या आज खोलीतून काढा, आणि ती चेटकी वाकळ आमच्यापुढं जाळा.

दोराबाई आतून बाहेर आली. तिला वाटलं, सगळ्या पदर द्यायला आल्यात. केवढी हसली! मग मी तिला खरं काय ते सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. ती वाकळ पोटाशी धरून ओट्याच्या कडेला बसली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. त्यांच्या गावाकडे एखादी बाई कायमची परगावी निघाली की शेजारणी आपापल्या कपड्याचा एकेक तुकडा आणतात, जोडून गोधडी करतात आणि तिला बरोबर देतात. तिच्या आईला मिळाली होती, बहिणीला मिळाली होती. ती स्वतः मात्र नवऱ्याच्या यंत्रामागं इतकी गावं फिरली की कुठल्याच गावात तिला शेजारीण म्हणून कुणी ओळखलं नाही. या गावात आपल्याला शेजारणी आहेत असं तिला वाटलं होतं. शेवटचं ती बायकांकडे बघत तिच्या मराठीत बोलली. "मला कोणी देणार नाही. म्हणून मी मागतो."

मी ते सगळं मराठीत सांगितलं. वाकळ जाळायचं बोलणं तिथंच थांबलं, पण पदर काही कुणाचा कमरेतून सुटेना. वाईट वाटणं वेगळं आणि करणीचं भय वेगळं. म्हैस आटलेली होतीच ना.

तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांनी दोराबाईच्या हातातली कात्री घेतली, खाली वाकल्या, आणि तिच्या अंगातल्या निळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकचा घेर धरून टर्रकन् वीतभर कापड कापून घेतलं. दोराबाई किंचाळायलाही विसरली. मग त्यांनी आपला पदर पुढं घेतला, त्याचं टोक कापलं आणि तिच्या मांडीवर टाकलं. बायकांकडे वळून म्हणाल्या, "आता हिचा तुकडा माझ्यापाशी, माझा हिच्यापाशी. हिनं माझं वाकडं केलं तर मी हिचं करीन. फिटंफाट. ज्यांना भ्या वाटतंय त्यांनी आपापला तुकडा कापून घ्या आन् मग द्या."

हा हिशेब सगळ्यांना एकदम पटला. असल्या रोखठोक व्यवहारात आमच्या बायकांना कुणी फसवू शकत नाही. सरपंचीणबाईंनीच आधी हात घातला, आणि म्हैस आटल्याची भरपाई म्हणून दुप्पट कापड घेतलं. त्या दिवसापासून रोज दोघी-तिघी यायच्या, आपला पदर द्यायच्या आणि दोराबाईचा फ्रॉक कापून न्यायच्या. एक संपला की दुसरा. फ्रॉक रोज थोडा थोडा वर सरकायला लागला, तसे देवळात बसणारे म्हातारे आमच्या ओट्यासमोरच्या लिंबाखाली बसायला लागले. आत्याबाईंनी एक दिवस त्यांच्यावर तांब्याभर पाणी फेकलं. दुष्काळात तांब्याभर पाणी, यावरून प्रकरण कितपत हाताबाहेर गेलं होतं ते समजा.

जायच्या दिवशी वाकळ पुरी झाली होती आणि दोराबाईकडे अंगात घालायला एकही फ्रॉक उरला नव्हता. आत्याबाईंनी आपल्या पेटीतलं इरकली लुगडं काढलं आणि तिला नेसवलं. कासोटा घालताना तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की दोनदा सुटला. जीपमध्ये चढताना तिसऱ्यांदा सुटतोय की काय असं झालं, तेव्हा सगळं गाव हसत होतं आणि सगळ्या बायका रडत होत्या. ती वाकळ मांडीवर घेऊन बसली. गुरवाला म्हणाली, "च्यायला, बरं ऱ्हावा." मग आमच्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, "येतो."

ती परत कधी आली नाही. त्या पावसाळ्यानंतर आमच्या गावात शिवलेली एकही वाकळ अशी नव्हती, जिच्यात कुठं ना कुठं फुलाफुलांचा एक परदेशी तुकडा नसेल. आत्याबाईंनी आपला तुकडा त्यांच्या अंथरायच्या नव्हे, पांघरायच्या वाकळेला लावला. तोही वरच्या कडेला, गळ्याशी येईल असा.

पण मला आठवते ती जीप गेल्यानंतरची दुपार. आत्याबाईंनी शिपी आमटी केली होती. आम्ही जेवायला बसलो. त्यांनी सवयीनं एक वाटी जास्तीची भरली, पुढच्या खोल्यांच्या बाजूला सरकवली आणि तिथं कुणी नाही म्हटल्यावर हात तसाच धरून बसल्या. भाकरी मोडेनात. मी विचारलं, आत्याबाई, तिखट झालीय का? त्यांनी पदरानं डोळे पुसायला घेतले, तर पदराला टोक नव्हतं. ते टोक गेलं होतं जीपमध्ये. कापलेल्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या,

"बघ, गावातल्या बाया म्हनत न्हवत्या? केलीच बयेनं करनी."