कावळ्याची भूमिका

डहाणूत अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, सिरियल का सोडलीत?" भाजीवाल्यापुढे, वांगी हातात असताना विचारतात. मी म्हणते, कंटाळा आला. थाप आहे ती. सिरियलनेच मला सोडलं. मी तिच्यात मोठी जाऊबाई होते, नाकात ही एवढी नथ आणि सदा कोणाचं तरी वाटोळं करायच्या तयारीत. बाबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत इथे बागेतल्या घरी राहिले. परत सेटवर गेले तर माझ्या साडीत, माझ्या नथीसकट दुसरीच बाई उभी. प्रॉडक्शनच्या मुलाने माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाला, "ताई, शूटिंग कुणासाठी थांबत नाही हो." तो चहा त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. मी मुकाट प्यायले.

त्यानंतर कामं मिळाली, पण ती सांगण्यासारखी नाहीत. शेवटी गाशा गुंडाळून घरी आले आणि मुलांना नाटक शिकवायला लागले. एक नातेवाईक चिकू खाता खाता म्हणाले, "नट संपला की शिक्षक होतो म्हणे." मी म्हटलं, "तुम्ही तर अजून सुरूच झाला नाहीत." माझं तोंड असं आहे, आणि वर्गात मुलांच्या वाट्याला हेच तोंड यायचं. कोणी पुटपुटलं की मी सांगायची, घरी जा आणि भिंतीला सांग, तिला तरी ऐकू येतंय का बघ. पोरं रडायची. आईबाप मात्र खूश असायचे, कारण टीव्हीवरची बाई आपल्या पोराला ओरडते यातही त्यांना कौतुक वाटायचं. नियम एकच होता आणि तो मी रोज ऐकवायची. तालीम चुकवली की भूमिका गेली.

एक मुलगी रानशेतच्या पुढच्या एका पाड्यावरून शेअर रिक्षाने यायची. वारली घरातली, तेव्हा सातवीत. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी पाठवली होती. पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून चपला काढू की नको या विचारात पडली होती. मी तिला वाचायला उतारा दिला आणि तिसऱ्या ओळीला माझ्या हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज असा की मागच्या खुर्चीतल्या माणसाला वाटावं ही आपल्याशीच बोलतेय. त्यात पाठांतर भलतंच. स्वतःचं तर यायचंच, इतरांचंही यायचं. मला आनंद झाला का? झाला. आणि थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू. मला तिच्या वयात हे येत नव्हतं.

तलासरीला बालनाट्यांची स्पर्धा होती. माझी पहिलीच. मी नाटक लिहिलं, त्यात गावात चोरी होते, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून न्यायाला कावळ्याला बसवतात. कावळा ऐकून घेतो आणि शेवटी उभा राहून निकाल सांगतो, एका दमात, भलामोठा. त्या निकालावर नाटक उभं होतं. कावळा मी तिला दिला. एका बागायतदारीणबाईंना ते रुचलं नाही. त्यांची मुलगीही वर्गात होती. "आमचीचे उच्चार तरी स्वच्छ आहेत हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कावळ्याला स्वच्छ उच्चार घेऊन काय लोणचं घालायचंय?" त्यांच्या मुलीला मी गर्दीत उभं केलं.

आणि ती पाड्यावरची मुलगी, हो, तीच, कावळ्यासाठी वेडी झाली होती. रिक्षात निकाल म्हणायची. रिक्षावाल्यालाही अर्धा पाठ झाला होता.

स्पर्धा तोंडावर आली आणि ती म्हणाली, "मॅडम, ताईचं लग्न आहे. सुट्टी पाहिजे."

"तू नवरी नाहीस ना?"

"आत्या लग्न लावणार आहे. मी तिच्या मागे बसते."

त्यांच्यात भटजी नसतो. धवलेरी असते, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. हिची आत्या धवलेरी होती, आणि तिच्या मागे बसून ओळ उचलायचं काम हिचं होतं.

"तुझ्या जागी दुसरी बसेल," मी म्हटलं. "तू नाहीस म्हणून लग्न काय थांबणार आहे?"

"थांबतं," ती म्हणाली. अगदी सहज. मग मला समजावून सांगायला लागली. मागे एका लग्नात आत्या तापाने फणफणली होती, तर मांडव, पाहुणे, नवरानवरी सगळे ती उठून बसेपर्यंत थांबले. दुसरीला बोलवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. जिची जागा तिची.

मला हसू आलं. आणि इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्यासाठी एक शॉट कोणी थांबलं नव्हतं, आणि ही एवढीशी पोर मला थांबण्याच्या गोष्टी सांगत होती.

"जा," मी म्हटलं. भूमिका जाईल हे बोलले नाही. नियम तिला ठाऊक होता. पण मला दिसत होतं की तिला तो खरा वाटतच नाहीये. कावळा आपल्यासाठी थांबेल याची तिला खात्री होती. ती खात्री मोडायचीच होती मला, आणि ती ज्या संध्याकाळी गेली त्याच संध्याकाळी मी बागायतदारीणबाईंना फोन केला.

ती परत आली ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी, हात हळदीने पिवळे. कावळ्याचा काळ्या झालरीचा पोशाख बागायतदारीणबाईंच्या मुलीने घातला होता. ही समोर जाऊन उभी राहिली, ती पोशाख कधी उतरवते त्याची वाट बघत. मी आत जाऊन पाणी पिऊन आले तरी तशीच उभी.

"कावळा आता ही करणार," मी म्हटलं. "तुला सगळं पाठ आहे. तू विंगेत बस. ही अडली की ओळ सांगायची."

"बरं," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तलासरीच्या त्या हॉलमध्ये पंखे मोठ्याने घुरघुरायचे. निम्मं नाटक बरं गेलं. मग कावळा निकालाला उभा राहिला, पहिलं वाक्य बोलला आणि अडला. मी विंगेकडे पाहिलं. ती पडद्याला टेकून बसली होती, डोळे रंगमंचावर, तोंड मिटलेलं. पुढच्या रांगेतली पोरं काव काव करायला लागली. रंगमंचावरच्या मुलीचा चेहरा रडवेला झाला, ती सारखी विंगेत बघायची. मी विंगेत धावले आणि वाकून हिचा दंड धरला.

"सांग की ओळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. जरा आठवल्यासारखं केलं. मग मान हलवली. "मॅडम, ही मला येत नाही."

काय सांगू, इतकं खरं वाटलं ते. क्षणभर मीही फसले. चेहऱ्यावर ओशाळेपणा, आवाजात थोडी भीती, जेवढी हवी तेवढीच. मी एवढी वर्षं कॅमेऱ्यापुढे उभी राहिले, असं एक वाक्य मला साधलं नाही. ओळ मलाही येत होती, मीच लिहिलेली. पण तिच्याकडे बघता बघता ती सांगायची माझ्याकडून राहून गेली आणि कोणीतरी पडदा ओढला. दुसरी मुलगी त्या पोशाखातच आईच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली. हिचा दंड मी अजून सोडला नव्हता.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. मी वाट पाहिली, आणि मग मीच रिक्षा करून पाड्यावर गेले. तिच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. ती आतून आली, समोर बसली.

"नवं नाटक घेतेय," मी म्हटलं. "मोठी भूमिका तुझीच. कोणाला देणार नाही."

तिचा चेहरा उजळला, मी पाहिलं. तिला यायचं होतं. मग तिने विचारलं, "आणि ती?"

"कोण?"

"कावळा झालेली."

"तिला काढून टाकते," मी म्हटलं. "आजच."

"तिला सांगितलंत?"

"तिला काय सांगायचंय त्यात?"

 ती उठली, वडिलांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि आत गेली. वडील चपला शोधायला लागले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्यांनी खाली बघूनच सांगितलं, "मॅडमना रिक्षापर्यंत सोडून या, म्हणते."