गोजराआजीचे खालचे सहा दात

गोजराआजीचे खालचे पुढचे सहा दात पक्के होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची बाजू घ्यायला बघेन आणि वाचणारा कदाचित मला सोडूनही देईल. मिश्रीने काळे कुळकुळीत झालेले, पण हिरडीत घट्ट रुतलेले. ते मी काढले.

१९९५ साली मी वाशीत दवाखाना टाकला आणि माशा मारत बसलो. सोसायट्यांमधली नोकरदार मंडळी दाढ दुखली तरी दादरच्या आपल्या जुन्या डॉक्टरकडे जायची. अशात डिसेंबरमध्ये तुर्भ्याच्या बाजूच्या एका गावातले वामनशेठ आईला घेऊन आले. मूळचे शेतकरी, जमीन नव्या शहरात गेलेली, आता चाळी बांधून भाड्याने दिलेल्या. माणूस वाईट नव्हता. आईवर जीव होता, म्हणून तर तिला आणलं होतं. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, निशिगंधाचं, लग्न होतं.

"डाक्टर, आयेचं तोंड जरा बघन्यासारखं करा. पावनं शिकलेलं हायत. शूटिंग होनार हाय."

आजी साठीच्या पुढची, ठेंगणी, नाकात मोठी नथ. खुर्चीत बसली ती पाय वर घेऊनच. वरचे समोरचे दोन पडलेले, बाकीचे वरचे हलणारे, दाढांच्या जागी खुंट. खालचे सहा मात्र राजासारखे. मी कॉलेजात शिकलेलं सगळं वामनशेठना सांगितलं. वरची कवळी करायची, खालचे दात साफ करून ठेवायचे आणि दाढांच्या जागी तारेची काढ-घाल करता येणारी पट्टी द्यायची, हा एक मार्ग. खालच्या दातांवर पांढऱ्या टोप्या चढवायच्या, हा दुसरा. सगळेच काढून वर-खाली पूर्ण कवळ्या बसवायच्या, हा तिसरा. पहिला मार्ग सर्वांत चांगला होता, खटपटीचाही होता. मी तो सांगितला, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याने तो घेऊ नये.

"सगलं काडून टाका ना. एकसारखं पांढरं दिसू दे," वामनशेठ म्हणाले.

"चालेल," मी म्हणालो. हा माणूस खूश झाला तर अख्खा गाव माझ्याकडे येईल, हे माझ्या डोक्यात होतं. खुर्चीत बसलेल्या बाईला मी काहीच विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही. तिला वाटलं होतं, जुने जाऊन नवे येणार, म्हणजे तोंड पूर्वीसारखंच चालणार.

ती काय करते हेही मला कुणी सांगितलं नाही, कारण गावात ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मी घाटावरचा; मला कुठून ठाऊक असणार? गोजराआजी धवलारीण होती. त्यांच्याकडे लग्न लावायला भटजी नसायचा. धवलारीण धवळे गायची, म्हणजे हळदीपासून वरातीपर्यंतची गाणी. देवांना, गावदेवीला आणि त्या घराच्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलवायची. नाव राहिलं तर तो पितर येत नाही, अशी समजूत. आसपासच्या चार-पाच गावांतल्या घरांची नावं एकट्या आजीला येत होती. कुठे लिहिलेली नव्हती.

जानेवारीत मी तीन बैठकांत दात काढले. खालचे सहा निघता निघेनात. मला घाम फुटला. आजीने खुर्चीचा हात धरून ठेवला होता. हिरड्या भरून यायला वेळ दिला, मापं घेतली आणि एप्रिलमध्ये कवळ्या बसवल्या. आरसा हातात दिला. आजी खरंच सुंदर दिसली. वामनशेठचे डोळे भरून आले. मला तर आकाश ठेंगणं झालं.

आरसा खाली ठेवून आजीने तोंड उघडलं आणि गायला लागली. पहिली ओळ लांबवून सूर वर चढवला, तशी खालची कवळी उचलली गेली आणि वरचीवर टकटक आपटली. आजी दचकली. आणि मी हसलो. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"आजी, गायचं कशाला? हसा नुसतं," मी म्हणालो.

आठवड्याने ती एकटीच आली. बसमधून उतरून उन्हात चालत आली होती.

"डाक्टर, ते खालचं माजं दात हायत ना तुमच्याकडं? ते परत बसवा. कालं असलं तरी चालतील."

मी तिला समजावलं की काढलेले दात परत लागत नाहीत, ते तेव्हाच टाकून दिले. तिने दोनदा विचारलं. मग कवळी घासून थोडी घट्ट करून दिली, चिकटायची भुकटी दिली, सवयीने जमेल म्हणालो. खालची कवळी जिभेने आणि गालाने धरून ठेवावी लागते. तोंड एवढं उघडून गाणाऱ्या माणसाला ती धरता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

लग्नाला मला मानाने बोलावलं. मांडवात सकाळी हळद होती. आजी पुढे आणि तिच्या मागे राहीबाई म्हणून चाळिशीची बाई, जी आजीची प्रत्येक ओळ झेलून परत म्हणायची. तीन ओळी झाल्या नाहीत तोच कवळी सुटली. आजीने दोन्ही कवळ्या काढून पदरात बांधल्या आणि परत सुरू केलं. पण आता ओठ आत जात होते, शब्दांना धार राहिली नव्हती. मागच्या बायका गालात हसल्या. वामनशेठ वाकून म्हणाले, "आये, दात घाल. क्यामेरा चालू हाय." आणि त्यांनी बँजोवाल्यांना खूण केली.

आजीने दात घातले. बँजो वाजत राहिला. कॅमेरा फिरत तिच्यापर्यंत आला तेव्हा ती हसत होती. निशिगंधाच्या लग्नात तिच्या वारलेल्या आजोबांना कुणी नाव घेऊन बोलावलं नाही. मी जेवून घरी आलो.

त्यानंतर तिला कुणी गायला नेलं नाही. लोक भटजी बोलवायला लागलेच होते, त्यांना निमित्त झालं. माझा दवाखाना मात्र वामनशेठच्या शब्दावर भरभराटीला आला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गोजराआजी राहीबाईला घेऊन आली. राहीबाईची दाढ किडली होती. मी केसपेपर ओढला तोच आजी म्हणाली, "ही गाते. आधी ते लिवा."

मी लिहिलं. दाढेची नस साफ करून ती वाचवली, वर टोपी बसवली, मिश्रीचे डाग काढले, पण एकाही दाताला चिमटा लावला नाही. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला आजी खुर्चीला टेकून उभी राहायची आणि माझ्या हाताकडे बघायची. शेवटच्या दिवशी मला उगाच हुरूप आला. काहीतरी भरपाई केली असं वाटलं असेल.

"राहीबाई, आता गाऊन दाखवा," मी म्हणालो.

राहीबाई ओशाळली. "मी मागून म्हनते, डाक्टर. पुडची ओल गोजराकाकीची. तिनं टाकली तर मी झेलनार."

"मग आजी, तुम्ही साधं बोलून सांगा ना हिला सगळी नावं. गायची काय गरज? ही पाठ करेल."

गोजराआजी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बोलून नाय येत," ती म्हणाली. "बसते रोज, आठवते. गायला लागलं की पुडचं नाव आपसूक येतं. नुसतं बोलाय गेलं की पयल्या दोघा-तिघांच्या पुडं कोनीच येत नाय."