उंट आणि वरातीची घोडी

नांदे गावात भाड्याच्या खोलीत राहायचो, तेव्हा मी संगणकावर रोज लढाया हरत असे. जुन्या काळच्या युद्धांचा खेळ होता आणि सेनापती मी, त्यामुळे दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. रविवारी खिडकीबाहेरच्या हौदावर एक जण वरातीच्या घोडीला पाणी पाजायला आणायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गजांतून माझा पराभव बघतानाही त्याचा हात तिच्या मानेवरून फिरत असायचा.

एकदा तो म्हणाला, "सायेब, उंटाच्या मागं आपलीच घोडी हुबी केलीत व्हय?"

"उंट उंच असतो, म्हणून पुढे," मी ठसक्यात सांगितलं.

"घोड्याला उंटाचा वास सोसत न्हाई. चांदे गावातल्या एका लग्नात हौसंनं उंट आनला, अन् हिनं नवरदेव गटारात टाकला. तवापास्नं हिला कुनी वरातीला बोलवत न्हाई. भ्याली म्हंजी वाईट झाली व्हय?"

मी हसलो. पाचच मिनिटांत माझेच घोडेस्वार उधळून माझ्याच पायदळावर गेले.

पुढच्या रविवारी मी उंट शत्रूच्या घोडदळासमोर ठेवले, आपले घोडे पार दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदाच जिंकलो आणि अनवाणीच हौदावर धावलो.

"मामा, जिंकलो! त्यांचे सगळे घोडे उधळले!"

"लागलं न्हाई ना कुनाला?"

पडद्यावर त्यांतला एकही जिवंत नव्हता.

"छे! सगळे घरी गेले," मी ठोकून दिलं.

तो घोडीच्या कानाशी वाकला. "ऐकलंस का गं? भ्याले, तरी घरी घेतलं त्यास्नी."