चाळीसपैकी अडतीस

रविवारी आम्ही दोघांनी मिळून झिंगे साफ केले. सोबत केलेलं शेवटचं काम ते. ती पाटावर बसून डोकी मोडत होती, मी पाण्यात धूत होतो. माझा हात जड. म्हणाली, "मेलेला झिंगा आहे, आनखी किती मारता त्याले?" संध्याकाळी तिच्या अंगात ताप भरला, आणि नवव्या दिवशी माझी शेफाली गेली.

गावातल्या भावांनो, हे तुमच्यासाठी लिहितो. आणि छावणीतून निघून तिच्यासारख्याच परक्या घरी नांदायला गेलेल्या बायांनो, तुमच्यासाठीही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी तुमसरहून तांदळाच्या ट्रकवर हमाल होतो. रायपूरकडे बंगालातून पळून आलेल्या लोकांची छावणी होती, तिथं पोती उतरवायचो. लोक परत गेले. हिला न्यायला कोणी उरलं नव्हतं. लग्नाची गोष्ट काढली तेव्हा तिनं मोडक्या हिंदीत एकदाच सांगितलं, तिकडच्या फौजींनी मला महिनाभर डांबून ठेवलं होतं, जायचं तर आत्ताच जा. मी गेलो नाही.

तिला घेऊन घरी आलो, तर दार तुम्ही लावलं, भावांनो. थोरला म्हणाला, "तिले सोडून ये, मंग जेवाले बस." धानाचं शेत, तलावाकाठचं घर टाकून मी तिला घेऊन चिखल्याला आलो. मॅंगनीजच्या खाणीत लागलो. कंपनीची एक खोली मिळाली.

ती आमची बोली शिकली. तिची भाषा मी शिकलो नाही, कधी मनातही आलं नाही. दिवसा हसायची, शेजारणींशी भांडायचीही. पण खाणीत सुरुंग उडाला की हातातलं काम घेऊन तांदळाच्या कोठीमागे जाऊन बसायची. झोपायची ती भिंतीला पाठ लावून, बसल्या बसल्या. मी विचारलं नाही. म्हटलं, होईल बरं.

पाचसहा वर्षांनी छावणीच्या यादीवरून पत्ता काढत शहरातून एक मॅडम आल्या. हातात छापील फॉर्म. लढाईत ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या बाया किती सावरल्या, ते मोजायचं होतं. दहा प्रश्न, एकेकाला चार गुण.

"झोप लागते का, ताई?"

"लागते."

"भीती वाटते?"

"नाही."

आमची माय म्हणायची, "पाहुण्याले पानी द्यावं, रडगानं नाही." शेफालीला हे मीच शिकवलं होतं. चहा ठेवून ती एकेक उत्तर देत गेली. एकाच प्रश्नाला अडली. मनातलं कोणाजवळ बोलता? मीच मध्ये तोंड घातलं. "माह्याजवळ बोलते ना. लिहा चार."

बेरीज झाली अडतीस. मी डोमा, चौथी नापास माणूस. माझी छाती फुगली.

मॅडम म्हणाल्या, "फार धीराच्या आहात हो. ज्यांचे गुण कमी आहेत, त्यांच्याकडं आमची एक बंगाली बाई दर महिन्याला येऊन बसेल, बोलेल. तुम्हाला काही गरज नाही."

शेफालीनं मान वर केली. "बंगाली?" एवढंच बोलली.

मी हसलो. "आपल्याले कायले लागते? तू तं पास झाली!"

मॅडमनं फाइल बांधली. दुसऱ्या पाळीला मी खाणीत सगळ्यांना सांगत सुटलो. एक जण म्हणाला, "बायको पहिल्या नंबरात, अन् डोमा चौथीत फेल!" मीही हसलो. ती बंगाली बाई आमच्या दारी कधी आली नाही. शेफालीनं परत विचारलं नाही. कोठीमागे बसणं तेवढं थांबलं नाही.

मॅडमला काय बोल लावू? त्यांनी विचारलं तरी. उत्तर मी दिलं.

तापाचे नऊ दिवस ती बंगालीत बोलली. मला ओळखत नव्हती. कोणाकोणाची नावं घ्यायची, कोणापुढं तरी हात जोडायची, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. मी उशाशी बैलासारखा बसून होतो. डॉक्टर आणला. बंगाली समजणारं माणूस आणायचं सुचलंच नाही.

आता पुतण्याचा निरोप आला आहे, म्हातारा झालास, घरी ये म्हणून. कोणतं घर रे? जिथं तिला बसायला पाट मिळाला नाही ते? का ही खोली, जिथं ती इतकी वर्षं माझ्या भाषेत "बरं आहे" म्हणत राहिली?

जाळून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहिली बस धरली. शेजारी म्हणाले, "राख गरम आहे अन् हा कुठं चालला?" दोन बस बदलून अर्जुनीकडं लढाईआधीच वसवलेल्या बंगाल्यांच्या वसाहतीत उतरलो. एक म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सांगितलं, माझी बायको तुमच्या मुलखातली, काल गेली. आणि ते वाक्य कानात होतं तसं म्हणून दाखवलं.

म्हातारीचं सूप थांबलं. हिंदीमराठीत म्हणाली, "ती म्हणत होती की…"

मी हात जोडले. "मले नोको सांगू, माय. तिनं मले सांगतलं नोयतं. तू आयक फक्त."

मग नऊ दिवसांतलं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं मी बोललो, नावांसकट. म्हातारी पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. एक शब्द माझ्या तोंडून वेडावाकडा निघाला. तिनं तो हळूच नीट करून सांगितला, आणि मी तो परत म्हटला.