एक सड वासराला

तात्यांच्या दुकानात कुणी लॅपटॉप घ्यायला आलं की ते आधी जमिनीवर पोतं अंथरायचे आणि गिऱ्हाइकाला मांडी घालून बसवायचे. मग लॅपटॉपचं रिकामं खोकं पुढ्यात ठेवून म्हणायचे, "हां, आता घरी अभ्यासाला बसतीस तशी बस." मीही बसले होते. अंगात नवा ड्रेस, शेजारी माझे वडील आप्पा, आणि दुकानाच्या दारातून इंदापूरच्या एसटी स्टँडवरची येणारीजाणारी माणसं आत डोकावत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्या मूळचे पणदऱ्याचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी जळालेल्या पाणमोटारींचं वायंडिंग केलं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळली, आणि मग चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकून घेतला. बोटांवरचे वार्निशचे डाग मात्र कधी गेले नाहीत. त्यांच्या लेखी लॅपटॉप हीसुद्धा वस्तीवर न्यायची एक मोटारच होती. ती कुठे बसणार, तिला लाईट कुठून मिळणार, सांभाळणार कोण, हे कळल्याशिवाय ते कपाटाला हात लावत नसत.

बारामतीच्या कॉलेजात मला कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला होता. मैत्रिणींना विचारून मी एक यादी केली होती. खाली निळे दिवे लागणारा पंखा, रंगीबेरंगी माउस, कीबोर्डवर चढवायचं गुलाबी कव्हर, असलं बरंच काही तिच्यात होतं. तात्यांनी चष्मा नाकावर ओढून यादी वाचली, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिली.

"ह्यात अभ्यासाचं काय हाय, पोरी?"

मग त्यांनी स्वतः एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. पोत्यावर बसून माझी मान किती वाकते ते बघितलं होतं, म्हणून आधी घडीचा छोटा पाट. "मान मोडली तर दुसरी मिळत न्हाय माझ्याकडं." मग साधा माउस. एसटीत गर्दीत चेपणार नाही अशी जाड अस्तराची बॅग. व्होल्टेज वाढलं की आपोआप बंद पडणारा एक्स्टेन्शन बोर्ड. लॅपटॉपमध्ये आधीपासून भरून आलेली दोन-तीन सॉफ्टवेअरं त्यांनी काढून टाकली. "हे तीस दिवसांचं पाव्हनं. महिना झाला की मानपान मागत्यात." त्यांच्या जागी लिहिण्याचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर आणि मराठी कीबोर्ड घातला. माझ्याकडे एका मैत्रिणीने दिलेली चोरीच्या सॉफ्टवेअरची सीडी होती. ती त्यांनी हातातही घेतली नाही. "कालेजात सर काय म्हनत्यात ते इचार, आन् तेवढंच घाल. घर मोठं हाय म्हनून समदा गाव आत घ्यायचा नसतो."

शेवटी त्यांनी वडीएवढी एक काळी डबी काउंटरवर ठेवली. ती बाहेरून जोडायची हार्ड डिस्क होती.

"ही कशाला? मी सगळं इंटरनेटवर ठेवीन," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"तुमच्या शेळगावच्या वस्तीवर रेंज कुठं येती?"

"पाण्याच्या टाकीवर," आप्पाच बोलून गेले.

"मग रोज टाकीवर चढनार का ही?" तात्या हसले नाहीत. त्यांनी आप्पांना विचारलं, "धार काढताना चारी सडं पिळता का?"

"न्हाय की. एक सड वासराला ठिवतो."

"ऐकलंस? केलेलं समदं एकाच भांड्यात पिळून घालायचं न्हाय. एक सड वासराला. दर बाजाराच्या दिवशी ह्या डबीत नक्कल काढायची. आन् मोटारीच्या पेटीवर चार्जर लावायचा न्हाय. कदीच न्हाय."

आमच्यातल्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागे फिरल्या. शेती आणि चार गाई आप्पांच्या काळात आल्या. मुलगी बारामतीला शिकते याचं त्यांना कौतुक होतं, पण घरातल्या थोरल्यांचा शब्दही त्यांना मोडवत नव्हता. ठरलं होतं ते असं, की एक जरी वर्ष वाया गेलं तर शिक्षण बंद आणि आलेल्या स्थळाला होकार. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे माझ्यासाठी फक्त मार्कांचा प्रश्न नव्हता. गाईंच्या लसीकरणाची आठवण करून देणारं ॲप मी बनवत होते. ते जमा करायला सहा दिवस उरले होते आणि मी सुट्टीला घरी आले होते.

आमच्या घरातली लाईट म्हणजे मिणमिणता दिवा. चार्जिंग चढेना. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत, म्हणजे तिच्या स्टार्टरमध्ये, मात्र विजेचा चांगला दाब असतो हे वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक्स्टेन्शन बोर्ड कॉलेजच्या खोलीवर राहिला होता. मी चार्जरची वायर थेट मोटारीच्या पेटीला जोडली. भर दुपारी थ्री फेज आली, मोटार आपोआप सुरू झाली, पेटीतली न्यूट्रलची वायर निसटली, दाब एकदम दुपटीने वाढला आणि लॅपटॉपमधून करपल्याचा वास आला. काळी डबी तेव्हा घरात ट्रंकेत होती. तिच्यात मी दोन वर्षांत एकदाही काही ठेवलं नव्हतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला विहिरीच्या काठावर कळलं.

त्याच संध्याकाळी मी इंदापूर गाठलं. तात्यांनी लॅपटॉप उघडला आणि करपलेल्या भागावरून बोट फिरवलं. "कुठं लावला व्हतास?"

मी सांगितलं. आता ते खूप बोलतील असं वाटलं. त्यांनी फक्त आतली डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला लावून बघितली.

"आतली डिस्क पन गेली. न्हाय निघायचं काय," ते म्हणाले. मी तिथेच पोत्यावर बसून रडायला लागले. माझं रडं ओसरेपर्यंत थांबून त्यांनी फळीवरचा मिसळणाचा डबा खाली काढला. हा डबा मी कितीदा पाहिला होता आणि दुकानात फोडणीचं सामान कशाला म्हणून मनात हसलेही होते. त्यांनी झाकण काढलं. हळद-मोहरीच्या वाट्यांत पेनड्राइव्ह होते, प्रत्येकाला दोरा आणि चिंधीवर शाईने गावाचं नि पोराचं नाव.

"दीड महिन्यामागं चार्जरची पिन बसवायला आलतीस. आतलं काढून ठिवू का म्हनून इचारलं, तर मोबाइलमधी बघत व्हय म्हनालीस." 'शेळगाव, वैशाली' लिहिलेली चिंधी त्यांनी माझ्या हातात दिली. "दीड महिन्याचं गेलं. ते काय मला आनून देता येनार न्हाय."

पुढचे पाच दिवस मी रोज पहिल्या एसटीने इंदापूरला आले. तात्यांनी काउंटरमागचा स्वतःचा कॉम्प्युटर मला दिला आणि आपण बाहेर स्टुलावर बसून गिऱ्हाईक केलं. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. मध्येच ते आत डोकावून एवढंच म्हणायचे, "काढली का नक्कल?" सहाव्या दिवशी प्रोजेक्ट जमा झाला. शेवटचा भाग कच्चाच राहिला होता आणि सरांनी त्याबद्दल बोलूनही घेतलं, पण मी पास झाले. स्थळाकडे आप्पांनी नकार कळवला. आज मी बारामतीत कॉम्प्युटरच शिकवते आणि वर्गात पहिल्या दिवशी काय सांगते ते वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी कळलं की तात्यांनी दुकान सोडलं आणि त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी पणदऱ्याला गेले. ते गोठ्याजवळ बसले होते, तांब्याची तार बोटाला गुंडाळत आणि पुन्हा सोडत. मी समोर मांडी घालून बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"काय पायजे?"

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाचीला लॅपटॉप घ्यायचाय."

ते वाट पाहत राहिले. पुढचं त्यांना आठवत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग मीच सांगू लागले. घडीचा पाट घेणार, मान वाकते म्हणून. साधा माउस, जाड अस्तराची बॅग. पाव्हनी सॉफ्टवेअरं काढून टाकणार. मोटारीच्या पेटीला हात लावू देणार नाही. तात्या एकेका वस्तूला मान हलवत होते.

"आन् एक सड वासराला," मी म्हटलं.

तारेवरचा त्यांचा हात थांबला. "हे कुनी सांगितलं तुला?"

"इंदापुरात एक तात्या हायेत."

त्यांनी तार पुन्हा बोटाला गुंडाळली. "शाना मानूस दिसतोय. त्याच्याकडनंच घे समदं."

"व्हय," मी म्हटलं, "त्यांच्याकडनंच घेतलंय."