राणीसाहेबांचा होकार

टीव्हीसाठी काढलेले राजघराण्यातल्या प्रेमाचे सिनेमे मी इतके पाहिले आहेत, की आवाज बंद करूनही गोष्ट सांगू शकते. केक करणारी एक गरीब, कामसू मुलगी असते. ती कुणाच्या तरी कोटावर कॉफी सांडते आणि तो नेमका राजपुत्र निघतो. त्याला कामधंदा काय, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. राजवाडा पाहून मंगल कार्यालय भाड्यानं घेतल्यासारखं वाटतं आणि सगळी प्रजा दोन रिक्षांत मावेल एवढीच असते. राणीसाहेब दीड तास नाक मुरडतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत विरघळतात. का, ते विचारायचं नाही.

हे सगळं कळूनही मी पाहायचे, कारण ती शेवटची दोन मिनिटं मला हवी होती. माझा राजपुत्र लोणी काळभोरचा. पुण्यात माझ्याच ऑफिसात कामाला होता आणि त्याच्या आईला आमचं लग्न मान्य नव्हतं. त्यांच्या होकाराशिवाय तो पुढे जाणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर तसं लग्न मलाही नको होतं.

म्हणून एका रविवारी आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. सिनेमातल्या मुली रीतभात मोडून मनं जिंकतात. मी रीत पाळून घात केला. "बसा, च्या टाकते," त्या म्हणाल्या. मी पेठेत वाढलेली. कोणी पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, हे आमच्याकडे लहानपणीच अंगात मुरवतात. "नको काकू, आत्ताच घेऊन निघालोय," मी अदबीनं म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला. मी त्यांच्या शेतातल्या उसाला काडी लावल्यासारखा त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. त्यांच्याकडे चहा नाकारणं म्हणजे घरच नाकारणं, हे त्यानं मला आधी सांगायला हवं होतं; पण राजपुत्रांना वेळेवर कुठे काय सुचतं?

काकू टीव्हीकडे वळल्या. तिथे हिंदीत डब केलेला तसलाच सिनेमा चालला होता. मला उगाच धीर आला.

"तुम्हीपण बघता, काकू?"

"बघती की. दुपारचं घरात कोण हाय बोलायला?"

"ती राणी शेवटी हो का म्हणते, तेच कळत नाही," मी समीक्षकाच्या थाटात म्हणाले.

"मला कळतं. ती पोरगी वाड्यावर ऱ्हायला येणार असती. पोरगं घरातच ऱ्हातं. तू माझ्या पोराला पुण्याला घिऊन चाललीस. म्या कशापायी हो म्हणू?"

इतके सिनेमे पाहिले, पण राणीच्या बाजूनं एकही पाहिला नव्हता. 'आम्ही दर आठवड्याला येऊ' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते फार दिवस टिकणार नाही, हे तिथे बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

"याला माझ्याकडे उत्तर नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी टीव्ही बंद केला.

"खोटं तरी बोलली न्हाईस," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "हिच्या आईवडलांना बोलावून घे. बोलणी नीट बसून करू."

मग त्याच्या शर्टाची कॉलर त्या उगाचच सारखी करत राहिल्या. ती आधीपासूनच नीट होती. होकार मिळाला होता आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.