निळा छिलका

कुलुइपाच्या डाव्या मनगटावर बांगडीसारखा गोल व्रण आहे. एकोणिसाव्या वर्षी लेथवरून उसळलेला पोलादाचा लांब छिलका तिथे गुंडाळला गेला होता. "पोलादानं मागणी घातली," ती म्हणते, "मी हो म्हटलं."

आमचं सगळं तलास खोरं तिला एजे म्हणतं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. गावच्या दुरुस्ती-शेडमध्ये ती लेथवर आणि मी शेजारच्या भट्टीवर, अशी आमची एकतीस वर्षं गेली. शेडची एक रीत होती. चकची, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या जबड्याची, चावी ज्याच्या खिशात, लेथ त्याचं. त्यानं दिल्याशिवाय त्या लेथला कुणी हात लावायचा नाही, अगदी शेडच्या प्रमुखानंसुद्धा.

एकदा चहा पिताना ती मला म्हणाली, "तुला वाटतं टूल लोखंड सोलतं, सफरचंद सोलावं तसं. अरे, ते रेटतं. पुढचं लोखंड दबतं, थराथरानं घसरतं, थरावर थर चढतो आणि मग छिलका होऊन बाहेर पडतो. म्हणून तर छिलका कापलेल्या थराहून जाड असतो. त्या घसरण्यात लोखंडाचा स्वभाव उघडा पडतो."

त्या जूनमध्ये राजमा फुलावर आला होता, आणि कालव्यावरच्या पंपाचा शाफ्ट पिळून तुटला. प्रमुख नुरदोलोत शहरात शिकून आलेला. त्यानं गावाला शब्द दिला, संध्याकाळपर्यंत पाणी. कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एशिमनं गज आणून दिला. पोलादाची जात ओळखावी म्हणून गजांच्या एका टोकाला रंग लावतात; याच्या टोकाला पक्क्या पोलादाचा रंग होता.

एजेनं गज चकमध्ये धरला आणि पहिला कट घेतला. रुपेरी रिबीन निघाली. तुटेना, संपेना, टूलभोवती गुंडाळत राहिली. गजाचं अंग फाटल्यासारखं खरबरीत झालं. एजेनं लेथ बंद केलं.

"हे पक्कं पोलाद नाही."

"एजे, रंग बघा की," नुरदोलोत म्हणाला.

"रंग एशिमनं लावलाय. छिलका गजानं दिलाय."

"तुमचं टूल बोथट असेल."

"बोथट तुझं डोकं. हेच टूल, हाच वेग, काल याच टूलखाली पक्क्या पोलादाचे छिलके निळे होऊन तुटत होते."

मी न विचारताच गजाचा एक तुकडा कापला, भट्टीत लालबुंद केला आणि पाण्यात बुडवला. पक्कं पोलाद असतं तर त्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरली असती. इथं कानस खसाखसा चावत गेली.

एशिम टोपी हातात घेऊन खाली बघत म्हणाला, "गज रंगाच्या टोकाकडून कापला गेला माझ्याकडून. उरलेल्याला आठवेल तो रंग फासला."

आमच्या धंद्यात ही एकच चूक माफ नसते. गज नेहमी बिनरंगाच्या बाजूनं कापायचा.

नुरदोलोतनं घाम पुसला. "झालं ते झालं. याचाच करा. आठवडाभर चाललं तरी पुरे. मी शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाही. पाणी सुरू असताना हा तुटला तर पंपाचं पोट फाटेल. मग आठवडा सोड, अख्खा उन्हाळा कोरडा जाईल."

"मग चावी द्या. मी दुसऱ्याला बसवतो."

एजेनं एप्रनच्या खिशावर हात ठेवला. "ये, काढून घे."

तो पुढे आला नाही. एजे अंगणात गेली आणि भंगारातल्या ट्रकचा अर्धा आस ओढत घेऊन आली.

"तो विकायला काढलाय," नुरदोलोत ओरडला. "हात लावलात तर उद्यापासून कामावर येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू."

तो आस फार कडक होता. मऊ केल्याशिवाय टूल लागलं नसतं. मी तो तापवून राखेत पुरला, म्हणजे रात्रभरात हळूहळू थंड होऊन कापण्याजोगा मऊ होईल, पण त्या गजाहून पक्काच राहील. संध्याकाळी पाणी आलं नाही. शेतकरी फाटकाशी आले आणि आम्हाला नाही नाही ते बोलले. एजे राखेच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. "बोला," ती म्हणाली, "राख ऐकून लवकर थंड होणार नाही."

सकाळी लेथवर कागद चिकटवलेला होता. कुलुइपा, आजपासून कामावरून कमी. खाली शिक्का. एजेनं तो शांतपणे वाचला, काढला, त्याच कागदानं लेथच्या रुळांवरचं जुनं तेल पुसलं आणि खिशातून चावी काढली. नुरदोलोत दारात उभा होता.

पहिल्या कटाला आसाचे छिलके तडतडत पडले, स्वल्पविरामाएवढे, निळे. शाफ्टचं अंग आरशासारखं निघालं.

दुपारी पंप सुरू झाला. एजेनं हात धुतले, चावी खिशात टाकली आणि जाताना नुरदोलोतला म्हणाली, "उद्या आठला येते. दुसरा कागद लिहायचा असेल तर जरा मोठा घे. रूळ अजून पुरते पुसून झाले नाहीत."